वेगाने धावत सुटणारा घोडा कसा आवरावा : नव्या स्वारांसाठी मार्गदर्शन

घोडेस्वारी शिकताना पहिल्या वर्षभरात प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी असा घोडा येतो, जो स्वाराने मागितल्यापेक्षा जास्त वेगाने जातो. दुडकी, म्हणजे चालीपेक्षा जलद अशी हलकी धाव, मागितली की तो दौडू लागतो, दौड मागितली की भरधाव सुटतो, आणि लगाम खेचावा तर मान ताठ करून आणखी जोर लावतो. अशा वेळी आपल्या हातांत ताकद कमी पडते आहे, अशी नव्या स्वाराची समजूत होते. ती चुकीची आहे आणि वेळीच दूर झाली नाही तर घोड्याचे तोंड व स्वाराची उमेद दोन्ही बिघडतात. ४०० ते ४५० किलो वजनाच्या जनावराला मनगटाच्या बळावर अडवणे कोणत्याही माणसाला जमणारे नाही. त्याला हळू चालायला शिकवावे लागते, आणि हे शिक्षण पळत्या घोड्यावर देता येत नाही. ते चालत्या घोड्यावर, धीराने, रोज थोडे थोडे द्यावे लागते.

मी पुण्याजवळच्या एका रायडिंग स्कूलमध्ये शिकत असताना शर्यतीतून निवृत्त झालेली एक तांबूस घोडी मला बसायला मिळाली. पहिल्या आठवड्यातच माझ्या अनामिका आणि करंगळी यांच्यामधली कातडी लगामाने सोलून निघाली, कारण मी पाऊण तास दोन्ही हातांनी तिला ओढून धरत असे आणि ती तितक्याच निश्चयाने पुढे रेटत असे. तिथल्या वयस्कर मोतद्दारांनी, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांनी, एके दिवशी लगामाला हात लावून मला खाली उतरवले आणि म्हणाले, “ताई, तुम्ही तिला टेकू देताय, म्हणून ती रेलते. टेकू काढा, मग ती आपल्या पायांवर येईल.” तेव्हा मला त्याचा अर्थ पुरता कळला नव्हता. पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टींचे मूळ मात्र त्या एका वाक्यात आहे.

आधी कारण ओळखावे

घोडा हे पळून जीव वाचवणारे जनावर आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळपास चहूकडचे दिसते; नाकासमोरची अगदी जवळची जागा आणि शेपटीमागची जागा एवढीच त्याच्या नजरेआड राहते. म्हणूनच मागून अचानक आलेली मोटारसायकल किंवा वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री त्याला बुजवते आणि बुजलेला घोडा विचार करण्याआधी पळतो. भीतीने उधळणे हा वेगाचा एक प्रकार झाला. यात घोड्याचे कान मागे वळलेले किंवा ताठलेले असतात, पाठ आकसलेली असते आणि स्वाराच्या कोणत्याही खुणेकडे त्याचे लक्ष नसते.

नव्या स्वाराला रोज भेटणारा वेग मात्र बहुधा या प्रकारचा नसतो. रिंगणातल्या घोड्याचा तोल पुढच्या पायांवर गेलेला असतो, त्यातून स्वार पुढे झुकून बसलेला असतो, आणि उतारावरून धावणाऱ्या मुलाला जसे पाय आवरता येत नाहीत तसा तो घोडा स्वतःच्या वजनामागे धावत राहतो. त्याला धावायचे असतेच असे नाही. त्याला हळू होता येत नाही. वळणावर तो आतल्या बाजूला कलतो, दुडकीची पावले आखूड आणि घाईची पडतात, आणि लगामावर त्याच्या डोक्याचे वजन जाणवते. ही लक्षणे दिसली तर उपाय तोल सुधारण्यात आहे आणि शिक्षेने तो साधत नाही.

तिसरे कारण उत्साहाचे आहे. दोन दिवस तबेल्यात बांधून ठेवलेला, भरपूर चंदी, म्हणजे दाणा, खाल्लेला घोडा मोकळ्या मैदानावर आला की त्याच्या अंगात वारे शिरते. सोबतचे घोडे पुढे गेले किंवा पागेची वाट दिसली तरीही तेच होते. चौथे कारण वेदना, आणि ते सर्वांत आधी तपासावे, कारण दुखणाऱ्या पाठीपासून घोडा पळून जाऊ पाहतो आणि ती पाठ त्याच्याच सोबत असल्यामुळे त्याचे पळणे कधी संपत नाही.

स्वार होण्यापूर्वीची तपासणी

खोगीर चढवण्याआधी उघड्या हाताची बोटे घोड्याच्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी, खांद्याजवळच्या उंचवट्यापासून कमरेपर्यंत, सारख्या दाबाने फिरवावीत. घोडा एखाद्या जागी पाठ खाली दाबू लागला, कातडी थरथरवू लागला किंवा मान वळवून बघू लागला तर त्या जागेची नोंद घ्यावी आणि त्या दिवशी त्याच्यावर बसू नये. खोगीर ठेवल्यावर कण्याच्या वर मोकळी जागा दिसली पाहिजे. खोगिराचे वजन थेट कण्यावर येता कामा नये. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा, आवळताना घोडा दात दाखवत असेल किंवा पोट आक्रसून घेत असेल तर तो नखरा समजून दुर्लक्ष करू नये. तंगाखालची कातडी सोललेली असू शकते आणि जठरातील व्रणही असू शकतात. शर्यतीच्या घोड्यांमध्ये जठरव्रण फार आढळतात.

दातांची तपासणी पशुवैद्याकडून वर्षातून एकदा तरी करून घ्यावी. घोड्याचे दात आयुष्यभर वाढत आणि झिजत राहतात, झीज सारखी झाली नाही तर दाढांना धारदार कडा येतात आणि लगाम ओढला की गालाचे आतले कातडे त्या कडांवर घासते. लगामाची तोंडातली दांडी, जिला रायडिंग क्लबांमध्ये सगळे बिट म्हणतात, ती पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या दात नसलेल्या हिरडीवर टेकते. त्या जागी कातडीखाली लगेच हाड असते. बिट ओढल्याने घोड्याला काय होत असेल याची कल्पना यावी म्हणून स्वतःच्या नडगीवर पेन्सिल आडवी दाबून पाहावी.

खाण्याचा हिशेब इथेच मांडावा. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के तरी कोरडी वैरण हवी, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो. आपल्याकडे घोडा अंगाने भरावा म्हणून हरभरा आणि जव सढळ हाताने घालतात, गवत मात्र मोजून टाकतात. कामाचा घोडा असेल तर ठीक, पण आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास चालणाऱ्या घोड्याला एवढी चंदी लागत नाही. ती कमी करून गवत आणि कडबा वाढवला आणि दिवसातले काही तास त्याला मोकळ्या वाड्यात सोडले, तर पुष्कळ घोड्यांचा वेग पंधरवड्यात आपोआप उतरतो. काम बंद असेल त्या दिवशी चंदी कमी करणे तर आवश्यकच आहे, कारण पूर्ण चंदीवर उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी अचानक कामाला जुंपला तर त्याचे स्नायू आखडण्याचा धोका असतो.

स्वाराच्या बाजूने टोपी, म्हणजे हनुवटीखाली पट्टा असलेले रायडिंग हेल्मेट, आणि टाच असलेले बूट एवढे हवेच. टाच नसलेला सपाट बूट रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जातो आणि पडल्यावर पाय अडकून माणूस फरफटत जातो. याच कारणाने लगामाचा पट्टा मुठीभोवती कधीही गुंडाळू नये.

अंगाने हळू होणे

आता खऱ्या कामाकडे येऊ. घोड्याच्या पाठीवर माशी बसली तरी त्याला कळते, तेव्हा पन्नास-साठ किलोच्या माणसाचा प्रत्येक श्वास त्याला कळतो यात नवल नाही. घाबरलेला स्वार तीन गोष्टी नकळत करतो. तो पुढे झुकतो, टाचा वर ओढून पोटऱ्यांनी घोड्याला आवळतो आणि श्वास रोखतो. घोड्याच्या भाषेत यातल्या पहिल्या दोन गोष्टींचा अर्थ “पुढे चल” असा आहे आणि तिसरीचा अर्थ “धोका आहे” असा आहे. त्यावर स्वार लगाम ओढतो. घोड्याला एकाच वेळी पळण्याचा आणि थांबण्याचा हुकूम मिळतो, त्यातला पळण्याचा हुकूम त्याच्या स्वभावाला जवळचा असतो आणि तो तोच पाळतो.

म्हणून पहिला धडा उभ्या घोड्यावर घ्यावा. सोबत्याला घोडा धरायला सांगून रिकिबींतून पाय काढावेत, मांड्या सैल सोडाव्यात आणि बसण्याची दोन हाडे खोगिरावर सारखी टेकली आहेत का ते डोळे मिटून पाहावे. खांदे या हाडांच्या बरोबर वर असावेत. मग पोटापर्यंत श्वास घेऊन तो सावकाश, ऐकू येईल असा सोडावा आणि सोडताना कमर खोगिरात उतरू द्यावी. जुन्या मराठीत मांड पक्की असणे असे म्हणतात ते हेच. पक्की मांड याचा अर्थ आवळलेली मांड असा होत नाही. ही बैठक सापडली की घोडा चालवत न्यावा आणि दहा-पंधरा पावलांनंतर त्याच रीतीने श्वास सोडून, कमर घोड्याच्या चालीबरोबर हलवणे थांबवून, “हो” असा एकच शब्द खालच्या आवाजात म्हणावा. घोडा थांबला नाही तर त्यानंतर, आणि त्यानंतरच, बोटे मिटून लगामाचा दाब द्यावा. तो थांबताक्षणी बोटे उघडावीत.

या बोटे उघडण्याला जितके महत्त्व द्यावे तितके थोडे आहे. घोडा दाबाने शिकत नाही, दाब निघून गेल्याने शिकतो. थांबल्याच्या त्याच क्षणी दाब सुटला तर “थांबलो म्हणून तोंड सुटले” असा हिशेब त्याच्या मनात बसतो. दोन सेकंद उशिरा सुटला तर त्याला काहीच कळत नाही. आणि सुटलाच नाही तर तो दाबावर रेलायला शिकतो. माझ्या घोडीबाबत मोतद्दारांनी टेकू म्हटले ते यालाच. मी तिला सुटका कधी दिलीच नव्हती.

चालीतला सराव

थांबणे जमू लागले की पुढचे सर्व काम २० मीटर व्यासाच्या वर्तुळात करावे. रिंगण २० बाय ४० मीटरचे असेल तर त्याच्या अर्ध्या भागात असे वर्तुळ बसते. वर्तुळाचा फायदा असा की घोड्याला सतत थोडे वळावे लागते, आतला मागचा पाय पोटाखाली घ्यावा लागतो, आणि त्यामुळे पुढच्या पायांवर गेलेले वजन हळूहळू मागे येते. सरळ रेषेत जो घोडा दर पावलाला वेग वाढवतो, तोच वर्तुळात स्वतःहून ताल धरू लागतो.

पहिले तीन-चार दिवस फक्त चाल आणि थांबणे, चाल आणि थांबणे, एवढेच करावे. वर्तुळावर चार जागा मनाशी ठरवाव्यात आणि दर फेरीत वेगवेगळ्या जागी थांबावे, नाहीतर घोडा जागा पाठ करतो. घोडा तुमच्या श्वासावर थांबू लागला, लगाम जवळपास लागेनासा झाला, की दुडकीकडे जावे. यातही आधी आठ-दहा पावले दुडकी आणि लगेच चाल. वेगवान घोड्याला लांब दुडकी देऊन दमवू पाहणारे पुष्कळ असतात. त्याने घोडा दमत नाही, त्याची ताकद वाढते. महिन्याभरात तोच घोडा दुप्पट वेळ पळू शकतो. आखूड दुडकीमध्ये वेग वाढायला जागाच मिळत नाही आणि घोड्याचे लक्ष “आता पुन्हा थांबायचे असेल” या अपेक्षेने स्वाराकडे राहते.

दुडकीत घोड्याचे तिरकस समोरासमोरचे पाय, म्हणजे एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा, जोडीने पडतात आणि तिला दोन ठोक्यांचा ताल असतो. या तालावर स्वार उठतो आणि बसतो. घोडा घाई करू लागला की बहुतेक जण त्याच्या तालात उठू-बसू लागतात. त्याऐवजी तोंडाने “एक-दोन, एक-दोन” असे हव्या त्या संथ गतीने मोजावे आणि आपले उठणे त्या मोजणीवर ठेवावे. वर थोडे जास्त थांबावे, खाली अलगद बसावे. पहिल्या दोन फेऱ्या विसंगत वाटतात, खोगीर अंगावर आपटते, पण घोड्याला ही विसंगती आपल्यापेक्षा जास्त खुपते आणि तो ताल जुळवून घेतो. माझ्या अनुभवात लगामाच्या कोणत्याही युक्तीपेक्षा हा उपाय जास्त घोड्यांवर लागू पडला आहे.

याच टप्प्यावर हाफ-हॉल्ट शिकावा. घोड्याला थांबवायचे आहे असे समजून श्वास सोडायचा, कमर स्थिर करायची, बाहेरच्या हाताची बोटे क्षणभर मिटायची, आणि तो थांबण्याच्या बेतात आला की सगळे सोडून पुढे जाऊ द्यायचे. हे सारे एका पावलाच्या वेळात घडते. एका फेरीत असे पाच-सहा वेळा केले तरी चालते; सतत धरून ठेवलेला दाब मात्र चालत नाही.

जमिनीवर ठेवलेल्या लाकडी बल्ल्या हे यातले उत्तम साधन आहे. दुडकीसाठी दोन बल्ल्यांमध्ये साधारण १.२ ते १.४ मीटर अंतर ठेवावे, लहान घोड्यांसाठी त्याहून कमी. आधी एकच बल्ली, मग तीन. घोड्याला पाय कुठे ठेवायचा याचा विचार करावा लागतो आणि विचार करणारा घोडा घाई करत नाही. तो बल्ल्यांवर झेपावू लागला तर परत एकीवर यावे आणि ती चालीने ओलांडावी.

दौड, म्हणजे कँटर, या सगळ्यानंतर. ती किती आठवड्यांनी द्यायची हे तारखेने ठरवू नये. दुडकीतून श्वासावर चालीला येणारा घोडा दौडीला तयार असतो. दौडीत घोड्याचा श्वास पावलाला बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास, त्यामुळे त्याचे फुरफुरणे कानांवर पडते. ते लांब आणि सारखे असेपर्यंत सगळे ठीक आहे. आखूड आणि कोरडे होऊ लागले की वेग हाताबाहेर जाण्याआधीच वर्तुळ थोडे लहान करावे आणि दुडकीवर यावे.

कडक लगामाविषयी

घोडा ओढत असेल तर बाजारातून जास्त कडक बिट आणून घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. क्वचित एखाद्या कसलेल्या स्वाराच्या हाती त्याचा उपयोग होत असेल, पण नव्या स्वाराने तो मानू नये. ज्या हातांना दाब सोडायची सवय नाही त्यांच्याकडे कडक बिट गेले की घोडा आधी मान उंच फेकतो, मग तोंड उघडतो, मग वेदनेपासून पळू लागतो, आणि त्याहून कडक बिट शोधण्याची वेळ येते. आपल्याकडे काही ठिकाणी घोड्यांना काटेरी लगाम घालतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ मध्ये केलेल्या नियमांनी त्याला मनाई आहे. असा लगाम कुठे दिसला तर त्या घोड्यावर बसू नये आणि मालकाला कारण सांगावे.

शर्यतीचे, वरातीचे आणि पर्यटनाचे घोडे

महाराष्ट्रात रायडिंग क्लबांकडे येणारे पुष्कळ घोडे शर्यतीतून आलेले असतात. मुंबईचा शर्यतीचा हंगाम हिवाळ्यात आणि पुण्याचा पावसाळ्यात असतो, हंगाम संपला की न जिंकणारे घोडे निघतात आणि त्यांतले काही चार-पाच वर्षांच्या वयात नव्या स्वारांखाली येतात. शर्यतीच्या सरावात स्वार लगाम आखूड धरून घोड्याला त्यावर रेलू देतो, घोडा त्या आधारावर पळतो. म्हणजे आपण ओढतो तेव्हा त्याला शिकवलेली खूण आपण त्याला देत असतो: आता पळायचे. अशा घोड्याला पहिले काही महिने लांब लगामावर चालवत न्यावे आणि थांबणे जमिनीवरून, हातात धरून, नव्याने शिकवावे. आखूड रिकीब आणि पुढे झुकलेली बैठक या खुणाही त्याच्या ओळखीच्या असतात, म्हणून रिकीब एक-दोन भोके लांब ठेवावी.

वरातीतल्या घोड्यांची अडचण उलटी असते. ते ढोल-ताशांना आणि फटाक्यांना बुजत नाहीत, पण एकटे, शांत वाटेवर नेले की सैरभैर होतात. त्यांना सुरुवातीला एका समजूतदार घोड्याच्या सोबतीने न्यावे.

सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीकाठी दत्तजयंतीला जो घोडेबाजार भरतो तिथे, विक्रेते घोड्याचा वेग आणि रवाल चाल, म्हणजे स्वाराला धक्के न देणारी जलद चाल, दाखवतात आणि पाहणाऱ्याचा जीव त्यातच गुंततो. पहिला घोडा घ्यायला गेलेल्या माणसाने वेग पाहून झाल्यावर त्याच घोड्याला सैल लगामावर दोन मिनिटे उभे करून दाखवायला सांगावे. जो घोडा धावल्यानंतर उभा राहू शकतो तो नव्या स्वाराच्या कामाचा.

माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटारींना बंदी असल्यामुळे घोडा हे वाहतुकीचे एक मोठे साधन आहे, पर्यटक पहिल्यांदाच घोड्यावर बसतो आणि घोडेवाला मागून आरोळी देऊन घोडा पळवतो. त्याला तुमची हौस पुरवायची असते, त्याच्या मनात वाईट काही नसते. बसण्याआधी “दादा, घोडा फक्त चालीने न्या आणि लगाम तुमच्या हातात ठेवा” असे स्पष्ट सांगावे. लाल मातीच्या अरुंद वाटेवर एका बाजूला दरी असताना दौड शिकू नये.

मोकळ्या रानात

रिंगणात शांत झालेला घोडा बाहेर गेल्यावर पुन्हा वेग धरतो, हे गृहीत धरून पहिल्या फेऱ्या आखाव्यात. सोबत एक अनुभवी स्वार आणि थंड डोक्याचा घोडा असावा, तो पुढे आणि आपण मागे, दोन घोड्यांच्या लांबीचे अंतर ठेवून. दौड देण्याआधी सर्वांना विचारावे. एकाने न सांगता दौड दिली तर मागचे घोडे पाठलाग करतात आणि मग ते कोणाचेच ऐकत नाहीत. दौड चढावर द्यावी, उतारावर किंवा सपाट लांबलचक मैदानावर देऊ नये, कारण चढ घोड्याचा वेग स्वतःच खातो. दर वेळी एकाच जागी दौड देऊ नये; तिसऱ्या खेपेला घोडा त्या जागेच्या शंभर पावले आधीच नाचू लागतो.

परतताना शेवटचा एक किलोमीटर चालीने यावे, अपवाद न करता. घरच्या वाटेवर एकदा दौडलेला घोडा ती वाट दौडीची समजतो. तो घाई करू लागला तर वाटेतल्या मोकळ्या जागेत वर्तुळ घ्यावे, पागेकडे पाठ करून थोडे चालावे आणि तो शांत झाल्यावरच पुन्हा वळावे.

घोडा खरोखर सुटला तर

भरधाव घोडा ताशी ४० किलोमीटरने जातो, म्हणजे एका सेकंदात अकरा मीटर. साठ मीटरवर कुंपण दिसत असेल तर हातात पाच सेकंद असतात. म्हणून पुढचा क्रम आधीच पाठ हवा आणि तो चालीत, सुरक्षित जागेत, उजळून ठेवलेला हवा.

आधी बसावे. खांदे मागे, टाचा खाली, पाय किंचित पुढे, नजर दूर. ओरडू नये. एक हात आयाळीत घालून घट्ट धरला तरी चालतो. तोल गेला तर पुढचे काही करता येत नाही. मग पुढची जागा पाहावी. जागा मोकळी आणि सपाट असेल तर एका बाजूचा लगाम हळूहळू आखडत मोठे वर्तुळ घ्यावे आणि ते दर फेरीत लहान करावे. घोडा वळत असताना पूर्ण वेग ठेवू शकत नाही. मात्र भरधाव घोड्याची मान एकदम गुडघ्यापर्यंत वळवू नये, त्याने तो घसरून अंगावर पडतो. ओल्या गवतावर आणि कातळावर तर मुळीच नाही. एका लगामाने मान वळवून थांबवण्याची जी पद्धत शिकवतात ती उभ्या घोड्यावर, मग चालीत शिकवायची असते आणि घोडा वेग घेऊ लागल्याच्या पहिल्या दोन-तीन पावलांत वापरायची असते.

वळायला जागा नसेल, म्हणजे दोन्ही बाजूंना झाडे किंवा कुंपण असेल, तर दोन्ही लगाम आखूड घ्यावेत, एका हाताची मूठ आयाळीसह घोड्याच्या मानेवर खोगिरापुढे दाबून रोवावी आणि दुसऱ्या हाताने वर आणि मागे असा झटका देऊन लगेच सोडावे. पुन्हा झटका, पुन्हा सोडणे. रोवलेली मूठ हलू देऊ नये. हा उपाय कठोर आहे आणि तो फक्त जिवावर बेतले असताना करावा. इथेही सोडणे विसरू नये, नाहीतर घोडा पुन्हा त्या टेकूवर रेलतो.

धावत्या घोड्यावरून उडी मारू नये. सोबतच्या स्वारांनी मागे धावू नये. त्यांनी आपले घोडे उभे करावेत, कारण एकटा पडल्याचे लक्षात आले की पुष्कळ घोडे स्वतःच सोबत्यांकडे वळतात.

घोडा थांबल्यावर त्याला मारू नये. त्याला शिक्षा थांबल्याबद्दल मिळाली असे वाटेल. उतरून तंग, रिकिबीचे पट्टे आणि घोड्याचे चारही पाय पाहावेत, थोडे हातात धरून चालवावे आणि आपले हात थरथरायचे थांबले तरच पुन्हा बसून चालीने पागेकडे यावे. पडून डोक्याला मार लागला असेल तर बरे वाटत असले तरी त्या दिवशी पुन्हा बसू नये, डॉक्टरांना दाखवावे, आणि मार खाल्लेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे.

एकाच घोड्याने दोन-तीनदा असे उधळले, किंवा भीतीने उधळताना त्याने समोरचे झाड वा कुंपणही पाहिले नाही, तर तो घोडा नव्या स्वाराने सोडावा आणि पशुवैद्य व प्रशिक्षक यांच्या हवाली करावा. मी त्या तांबूस घोडीवरून सहा आठवडे उतरले होते. त्या काळात एका शांत काठियावाडी घोड्यावर श्वासाचे आणि बोटांचे काम शिकले आणि मग तिच्याकडे परतले. पहिल्या दिवशी आम्ही फक्त चाललो, वीस मिनिटे, आणि ती नऊ वेळा सैल लगामावर उभी राहिली.

दर सरावाच्या शेवटी असेच करावे. घोडा चांगले वागत असतानाच थांबावे, तंग एक भोक सैल करून श्वास शांत होईपर्यंत त्याला चालवावे, मग खोगीर उतरवून पाठ पुन्हा बोटांनी तपासावी, घामाची जागा पुसून खरारा करावा आणि पाणी दाखवावे. चंदी त्यानंतर तासाभराने.